आधी बोल, मग बटण

शाळेपासून नोकरीपर्यंत मला पुष्कळांनी शिकवलं. त्यांतल्या बहुतेकांची अपेक्षा एवढीच होती, की त्यांनी सांगितलेलं मी खरं मानावं. त्यात वावगं काही नाही; आपलं निम्म्याहून अधिक शिक्षण असंच होतं. आमच्या चाळीतल्या काकूंनी मात्र ही अपेक्षा कधी ठेवली नाही. त्यांनी मला एक लाकडी बोर्ड करायला लावला, त्यावर शंभर वॉटचा बल्ब बसवायला लावला आणि सांगितलं, "माझं ऐकू नकोस. ह्याचं ऐक." पुढे जे काही कमावलं त्याचा बराच भाग त्या बोर्डापासून सुरू होतो. ते ऋण कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

आमची चाळ ठाण्याला चरईत. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्या काकूंच्या. काळ १९७० च्या दशकाच्या अखेरीचा. ठाण्याला रेडिओचं वातावरण होतं. मर्फीचा कारखाना इथलाच. ओठांवर बोट ठेवलेल्या त्या गोबऱ्या बाळाचं चित्र घराघरात. वागळे इस्टेटच्या भोंग्यांवर लोक घड्याळं लावत. काकूंनी ऐन तारुण्यात एका रेडिओ कारखान्यात काम केलेलं. सुरुवातीला कॉइल गुंडाळायच्या टेबलावर, नंतर तयार सेट तपासायच्या टेबलावर. केसाइतक्या बारीक तारेचं काम बायकांच्या हाती चांगलं होतं असं कारखानेवाल्यांचं मत होतं, त्यामुळे त्या टेबलांवर बायकाच असत. पुढे घरच्या अडचणींमुळे नोकरी सुटली, पण हात थांबले नाहीत. स्टेशनजवळचे रेडिओ दुकानदार जळलेले ट्रान्सफॉर्मर त्यांच्याकडे भरायला पाठवत आणि ज्या सेटपुढे दुकानातल्या मेकॅनिकने हात टेकलेले असत तेही गुपचूप पाठवत.

ते सेट ने-आण करायचं काम माझ्याकडे आलं. मी अकरावीत होतो. दुकानातून सेट उचलायचा, चाळीत आणायचा, झाला की परत पोचवायचा. लाकडी कपाटाचा व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे चांगलं दहा-बारा किलोचं धूड; त्यावर मालकिणीने विणलेला क्रोशाचा रुमालही बहुधा तसाच असायचा. ट्रान्झिस्टर घरोघरी आले होते आणि हे जुने सेट माळ्यावर गेले होते. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी एखादा खाली काढी, 'बघू तर चालतोय का' म्हणून पिन लावी, आणि धूर निघाला की तो काकूंकडे येई. काकूंचा राग माळ्यावर ठेवण्यावर नव्हता, त्या 'बघू तर' वर होता. भेटेल त्याला त्या बजावत, "घरी पिन लावून बघू नका. जसा आहे तसा आणा. मेलेला मी उठवीन, जाळलेला नाही उठवता येत."

माळ्यावर पडलेल्या सेटच्या आत काय होतं, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडून कळलं. फिल्टरच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वीज अडवून धरायचं काम तो थर करतो. दुधावर साय धरावी तसा तो विजेच्या दाबाखाली धरतो, आणि सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की विरत जातो. मग एकदम पुरता दाब दिला की कंडेन्सर अडवण्याऐवजी वीज वाहू देतो, तापतो, फुगतो, फुटतो. त्याच्याबरोबर एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह जातो आणि तो शॉर्ट होऊन बसला, तर मेन्स ट्रान्सफॉर्मरही जातो. मेणकागदाचे छोटे कंडेन्सर दमट हवेत ओलावा धरून गळके झालेले असतात. रबराचं वेष्टण असलेल्या वायरी हात लावताच सोलून पडतात. पिन लावून बटण फिरवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

काकूंच्या कामाच्या टेबलामागे भिंतीवर एक बोर्ड होता आणि कुठलाही सेट पहिल्यांदा त्या बोर्डावरूनच चालू व्हायचा. मेकॅनिक लोक त्याला सिरीज लॅम्प किंवा नुसतंच 'सिरीज' म्हणत. मी तो महिनोन्महिने बघत होतो. एके दिवशी काकू म्हणाल्या, "आता तुझा तू कर."

सामान अगदी साधं. सागवानी पट्टीचा एक बोर्ड, चिनीमातीचा किटकॅट फ्यूज, बेकेलाइटचे दोन बॅटन होल्डर, तीन बटणं, एक सॉकेट. जोडणी तर त्याहून साधी. फेज आधी फ्यूजमध्ये, तिथून मुख्य बटणात, तिथून बल्बमध्ये आणि बल्बमधून बाहेर पडून सॉकेटच्या एका बाजूला. न्यूट्रल सरळ सॉकेटच्या दुसऱ्या बाजूला. म्हणजे सॉकेटमध्ये काहीही लावलं तरी त्याला मिळणारी वीज आधी बल्बमधून जाणार. दोन होल्डर एवढ्यासाठी, की एकात ४० चा आणि दुसऱ्यात ६० चा बल्ब लावायचा. प्रत्येकाचं बटण वेगळं. लहान सेटला एकटा ४०, मोठ्याला ६०, आणि दोन्ही चालू केले की १०० चा हिशेब. माझ्या बोर्डावर मात्र काकूंनी एका होल्डरात थेट शंभरचाच बल्ब लावायला सांगितला.

दुकानांतल्या बोर्डांवर आणखी एक बटण असे. ते दाबलं की बल्ब वगळला जायचा आणि सेटला पुरा दाब मिळायचा. मी ते माझ्या चित्रात काढलं होतं. काकूंनी पेन्सिलीने त्यावर फुली मारली. "थेट लाइन हवी तर सेटची पिन काढ, उठ, आणि त्या भिंतीच्या सॉकेटला नेऊन लाव. उठेपर्यंत विचार करायला वेळ मिळतो. बटणावर नुसता हात पडतो." त्या बोर्डावर ते बटण कधी आलं नाही. माझ्या आजच्या बोर्डावरही नाही.

बोर्ड झाला, पण आईने त्याला हात लावू दिला नाही. नात्यातल्या एकाला विजेचा जबर धक्का बसलेला तिने पाहिला होता आणि घरात टेस्टरसुद्धा ती कपाटात कुलपात ठेवी. काकूंनी वाद घातला नाही. आईला चहाला बोलावलं आणि चहा झाल्यावर एक पिन तिच्यापुढे धरली. त्या पिनेच्या दोन्ही तारा मुद्दाम एकमेकींना पिळून जोडलेल्या होत्या. "वहिनी, ही पिन भिंतीत लावली तर काय होईल?" आई म्हणाली, "चाळीचा फ्यूज जाईल, आणखी काय?" काकूंनी ती माझ्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये लावली आणि बटण दाबलं. शंभरचा बल्ब नेहमीसारखा लख्ख लागला. एवढंच. ठिणगी नाही, आवाज नाही, चाळीचे दिवे चालूच. आई खूप वेळ त्या बल्बकडे बघत राहिली.

दुसऱ्या कुणीही तिथेच जिंकल्यासारखं केलं असतं. काकू म्हणाल्या, "पण वहिनी, हा बल्ब रेडिओला वाचवतो, तुमच्या पोराला नाही. त्याला वाचवायचं मी वेगळं शिकवणार आहे. ते शिकेपर्यंत तो एकटा बटण दाबणार नाही." आईची परवानगी त्या बोलण्यामुळे मिळाली, असं मला अजूनही वाटतं.

मग खरा अभ्यास सुरू झाला. काकूंचा नियम एकच होता. सेट बोर्डाला लावायचा, बटणावर बोट ठेवायचं, आणि बल्ब काय करेल ते मोठ्याने सांगायचं. "आधी बोल, मग बटण." नुसतं 'लागेल' म्हणून भागत नसे. किती लागेल, किती वेळ, मग काय होईल, आणि का. सांगता येत नसेल तर त्या दिवशी बटण दाबायचं नाही. सेट परत उघडायचा आणि बघायचं.

पहिला प्रश्न त्यांनी नुसत्या बल्बवर घातला. मल्टिमीटर हातात दिला आणि शंभरच्या बल्बचा रोध मोजायला सांगितला. चाळीसच्या जवळपास ओहम आले. मग गणित करायला सांगितलं. २३० व्होल्ट आणि १०० वॉट, तर रोध किती? २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. मीटर एक सांगत होता, गणित तेराचौदा पट वेगळं. "दोन्ही खरं आहे," काकू म्हणाल्या, "कसं ते तू सांग." उत्तर टंगस्टनच्या तारेत होतं. थंड तारेचा रोध अगदी कमी, आणि ती तापून पांढरी झाली की तोच रोध कितीतरी पटीने वाढतो. एकदा हे कळलं आणि बोर्डावर साधा रेझिस्टर न लावता बल्बच का लावायचा, हेही कळलं. सेट धडधाकट असेल आणि थोडीच वीज ओढत असेल, तर बल्ब थंड राहतो, त्याचा रोध कमी राहतो आणि तो जवळजवळ सगळा दाब पुढे सेटला जाऊ देतो. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब तापतो आणि तापला की स्वतःच अडवायला लागतो. तापलेल्या शंभरच्या बल्बमधून ०.४३ अँपिअरच्या वर प्रवाह जाऊच शकत नाही. गरज पडेल तेव्हाच वाढणारा हा अडसर.

मग सेट. ट्रान्सफॉर्मरवाला चांगला सेट लावला की बल्ब आधी झपकन उजळतो, कारण व्हॉल्व्हचे फिलामेंटही थंड असताना जास्त वीज ओढतात. ते तापत गेले की बल्ब मंदावतो. पंधरा-वीस सेकंदांनी रेक्टिफायर तापून कामाला लागतो, उंच दाब तयार होतो, आणि बल्ब पुन्हा किंचित वर येऊन स्थिरावतो. ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४ अशा व्हॉल्व्हचा नेहमीचा सेट चाळीस-पन्नास वॉट घेतो. त्याला शंभरच्या बल्बमागून दोनशेच्या आतच व्होल्ट मिळतात, तरी तो बारीक आवाजात बोलायला लागतो. हे झालं निरोगी सेटचं. बल्ब लख्ख लागून तसाच राहिला तर शॉर्ट. अजिबात लागला नाही तर कुठेतरी तुटलंय. आधी वायर, पिन, बटण तपासायचं. आणि सुरुवातीला मंद असून पंधरा-वीस सेकंदांनी हळूहळू चढत गेला, तर उंच दाबाच्या बाजूला कुणीतरी वीज खातंय, बहुधा फिल्टर कंडेन्सर.

यातली सगळ्यात देखणी युक्ती रेक्टिफायरची. संशयित सेट पहिल्यांदा रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढूनच लावायचा. मग उंच दाबाची सगळी बाजू मेलेली असते आणि बल्बपुढे फक्त ट्रान्सफॉर्मर आणि फिलामेंट उरतात. अशा वेळीही बल्ब लख्ख राहिला तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये. तो मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर सुटला आणि दोष पुढे कुठेतरी आहे. एक व्हॉल्व्ह काढून ठेवायचा आणि सेट अर्ध्यात विभागायचा. पुढे कारखान्यात दोष शोधताना मी नेहमी आधी विचारत आलो, की काय काढून ठेवलं तर प्रश्न अर्धा होईल.

एसी-डीसी सेटची शिकवणी वेगळी होती, आणि काकू त्या दिवशी सगळ्यात कडक असत. काही शहरांत पूर्वी डीसी वीज होती, म्हणून कंपन्यांनी ट्रान्सफॉर्मर नसलेले, दोन्हींवर चालणारे सेट काढले. त्यांतले यूसीएच८१, यूबीएफ८९, यूबीसी८१, यूएल८४, यूवाय८५ हे व्हॉल्व्ह १०० मिलिअँपिअरचे. त्यांचे फिलामेंट एकामागोमाग एक ओळीने जोडलेले. १९, १९, १४, ४५ आणि ३८ व्होल्ट मिळून १३५. उरलेले ९५ एका मोठ्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जायचे. एक फिलामेंट तुटला की सगळी ओळ विझते. अशा सेटवर मी बोलायचो, "बल्ब लागणारच नाही," आणि तो लागायचा नाही. ते सोपं होतं.

अवघड दुसरंच होतं. या सेटची चेसिस, म्हणजे सगळं ज्याच्यावर बसवलेलं असतं तो पत्रा, थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. पिन दोन पायांची. सरळ लावली तर चेसिस न्यूट्रलवर, उलटी लावली तर फेजवर. म्हणून त्यांच्या बटणांचे छोटे स्क्रू मेणाने किंवा डांबराने बुजवलेले असत. ते मेण पडलेलं असलं आणि बोट स्क्रूला लागलं, तर बोट फेजवर. आणि मध्ये शंभरचा बल्ब असला म्हणून काय फरक पडतो? चाळीस ओहमचा थंड बल्ब. माणसाला मारायला ०.४३ अँपिअर लागतच नाहीत. त्याचा दहावा भागही पुरेसा असतो. काकू हे सांगत तेव्हा आवाज चढवत नसत. टेस्टर चेसिसला लावून तो लाल होताना दाखवत, पिन उलटी करून विझताना दाखवत, आणि मग मला विचारत, "आता सांग, बल्बने काय केलं?" उत्तर होतं, काहीच नाही.

त्यासाठी त्यांच्याकडे दुसरी वस्तू होती, आणि ती त्यांनी स्वतः भरलेली होती. एकास एक ट्रान्सफॉर्मर. २३० आत, २३० बाहेर; पण आतली आणि बाहेरची तार कुठेही जोडलेली नाही, मध्ये फक्त लोखंडाच्या स्टॅम्पिंग आणि चुंबकत्व. बाहेरच्या बाजूची कोणतीही एक तार जमिनीवर उभं राहून हाताला लागली तरी परतीचा रस्ता नसल्याने धक्का बसत नाही. दोन्ही तारा लागल्या तर मात्र कुणीही वाचवणार नाही, हेही त्या लगेच जोडत. माझ्या बोर्डासाठी त्यांनी माझ्यासमोर एक ट्रान्सफॉर्मर भरला, आणि तो भरताना त्यांच्याकडे बघणं हे माझं खरं भाग्य होतं.

हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, बाजूला फेरे मोजणारा काटा. गाभ्याचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर. शंभर वॉटच्या आसपासच्या कामाला पुरेसं. ४५ ला दहाने भागायचं, म्हणजे दर व्होल्टला साडेचार फेरे. २३० व्होल्टला १०३५. २६ गेजची एनॅमल तार. पहिलं वाइंडिंग झालं की त्यावर लेदरॉइड कागदाचे थर, एकावर एक. "इथे कंजुषी करायची नाही," त्या म्हणाल्या, "ही भिंत आहे, बाकी सगळं नुसतं गुंडाळणं." मग दुसरं वाइंडिंग, तितकंच, पण पन्नासेक फेरे जास्त, भार पडल्यावर दाब जो थोडा खाली येतो तो भरून काढायला. काट्याकडे त्या बघतच नसत. शंभर झाले की मशीनची लय किंचित बदले आणि काटा बघितला तर शंभरच असत. शेवटी वार्निश, आणि सुकेपर्यंत खिडकीत. जोडणीचा क्रमही ठरलेला होता. आधी ट्रान्सफॉर्मर, मग बल्ब, मग सेट.

यंत्रांच्या जोडीला सवयी. काम चालू असताना एकच हात आत. त्यांचा डावा हात सदैव पदरात, माझा पाठीमागे. पायाखाली कोरडा लाकडी पाट. कानातले डूल आणि हातातल्या बांगड्या काढून डबीत. बटण बंद केल्यावर पिनही काढायची, कारण बंद केलेलं बटण न्यूट्रलच तोडत असेल तर आत फेज जिवंत असते. आणि पिन काढली म्हणून सेट मेला असं समजायचं नाही. ३०० व्होल्टला भरलेला ५० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर सव्वादोन जूल धरून बसलेला असतो. तो रिकामा करायला त्या झिरोचा बल्ब वापरत, ज्याला सगळे झिरो म्हणतात पण जो १५ वॉटचा असतो. त्याच्या होल्डरच्या दोन तारा कंडेन्सरला लावल्या की तो क्षणभर लुकलुकायचा. लुकलुकला नाही तरी मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात आत जायचा नाही.

बल्बच्या मर्यादाही काकूंनीच दाखवल्या, आणि यासाठी मी त्यांना सर्वांत जास्त मानतो. आपलं साधन कुठे आंधळं आहे हे शिकवणारे शिक्षक फार थोडे. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर येणारा एक छोटा कंडेन्सर असतो, ०.०१ मायक्रोफॅरॅडचा. तो थोडासा जरी गळका झाला तरी ग्रिडवर पॉझिटिव्ह दाब येतो, व्हॉल्व्ह जास्त वीज ओढत राहतो, आणि काही तासांत व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही संपतात. बल्बला यातलं फारसं काही कळत नाही; तो जेमतेम थोडा जास्त उजळ दिसतो. "तो फक्त बेरीज सांगतो," काकू म्हणायच्या, "बेरजेत कोण खातंय ते तू शोधायचं." म्हणून त्या आउटपुट व्हॉल्व्ह काढून त्याच्या ग्रिडच्या पिनवर मीटर लावून बघत. तिथे शून्य हवं. शून्य नसलं तर तो कंडेन्सर आधी बदलायचा, बाकी गप्पा नंतर.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस त्यांच्याकडे रेडिओऐवजी मंडळांचे अँप्लिफायर येत. तिथे बल्बची कमाई रुपयांत मोजता यायची. २एन३०५५ हे आउटपुट ट्रान्झिस्टर तेव्हा काही स्वस्त नव्हते. त्यासाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा. दुकानात नवी जोडी घातली आणि मूळ दोष तसाच राहिला, तर बटण दाबल्या क्षणी नवी जोडीही जायची. काकूंच्या बोर्डावर ती वाचायची. सेट नीट झाला की गाण्याच्या ठेक्याबरोबर बल्ब उजळायचा-मंदावायचा, आणि चाळीतली लहान पोरं तेवढं बघायला दारात गोळा व्हायची. पुढे १९८२ नंतर रंगीत टीव्ही आले, त्यांच्या स्विचिंगच्या पॉवर सप्लायला हा बोर्ड नीट मानवायचा नाही. दाब कमी मिळाला की ते जास्तच ओढत आणि चालू-बंद, चालू-बंद करत बसत. काकूंनी दोनशेचा बल्ब लावून पाहिला, चार सेट केले आणि ते काम घेणं थांबवलं. "मला जे आधी बोलता येत नाही, ते मी दुरुस्त करत नाही," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

मी डिप्लोमा केला आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात लागलो. तिथे रेडिओ नव्हता, बल्ब नव्हता; होते ४ ते २० मिलिअँपिअरचे सिग्नल, व्हॉल्व्ह म्हणजे पाइपातले आणि ट्रान्समीटर म्हणजे दाब मोजणारे. नवी लाइन सुरू करायच्या आदल्या दिवशी मी माझ्या वहीत लिहून ठेवत असे: टाकी अर्धी भरली की काटा १२ मिलिअँपिअरला यायला हवा, हा व्हॉल्व्ह बंद केला की तो दाब वाढायला हवा, इतका आणि इतक्या वेळात. सहकारी थट्टा करत. पण लिहिलेलं आणि घडलेलं जुळलं नाही की मला लगेच कळायचं. न लिहिणाऱ्याला जे घडलं तेच बरोबर वाटायचं. साहेबांशी मतभेद झाला, तरी आवाज चढवायची वेळ फारशी आली नाही. "तुम्ही तुमचं लिहा, मी माझं लिहितो, मग चालू करू," असं म्हटलं की वाद आपोआप यंत्राकडे जायचा. ही रीत मला व्यवस्थापनाच्या कुठल्या शिबिरात मिळाली नाही, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मिळाली.

त्याची किंमत म्हणून काकूंनी माझ्याकडून काय घेतलं? सेट ने-आण करण्याचे पैसे उलट त्याच मला देत. फुटलेल्या बल्बचे पैसे मात्र त्यातून कापून घेत आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात लिहून ठेवत; दुधाचा खाडा, गॅसचा नंबर आणि मध्येच 'ईएल८४, साठचा बल्ब' असा हिशेब. पहिल्या पगारातून साडी नेली तर त्यांनी ती ठेवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मला एक मल्टिमीटर दिला. आपल्याकडे ऋण फेडू देणारी माणसं असतात आणि न फेडू देणारी असतात. काकू तिसऱ्या प्रकारच्या होत्या. त्या व्यवहार सारखा चालू ठेवत. पुढे त्या मुलीकडे नाशिकला गेल्या. डोळे अधू झाले होते. मी भेटायला गेलो की प्लांटमधलं काही विचारायच्या आणि मी सांगायला लागलो की मध्येच थांबवायच्या: "आधी काय वाटलं होतं तुला?" त्या गेल्या तेव्हा मला चाकरीतून मोकळं व्हायला थोडाच अवकाश होता.

निवृत्तीनंतर जुने रेडिओ पुन्हा माझ्याकडे यायला लागले. हौशी लोक पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोरबाजारातून सेट उचलतात. काहींना आजोबांचा सेट पुन्हा बोलता हवा असतो. गंमत अशी, की आता रेडिओपेक्षा बल्ब मिळवायला जास्त हिंडावं लागतं. २०१५ पासून उजाला योजनेत एलईडी दिवे स्वस्तात घरोघरी गेले, ते चांगलंच झालं. पण एलईडी बल्ब या बोर्डावर उपयोगाचा नाही. त्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं, तापून रोध वाढवणारी तार नसते. म्हणून शंभर आणि साठचे फिलामेंटचे बल्ब दिसतील तिथे घेऊन ठेवतो; हॅलोजनचाही चालतो.

इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी हल्ली रविवारी माझ्याकडे येते. तिला तिचा बोर्ड करायला लावला, बल्ब वगळणारं बटण न ठेवता. ट्रान्सफॉर्मर मात्र विकत आणला. काकूंसारखा मला भरता येत नाही. सध्या टेबलावर एक लाकडी कपाटाचा सेट आहे, फिल्टर कंडेन्सर वरून फुगलेला. तो बदलायचा तर आहेच, पण त्याआधी त्याचं दुखणं कोणतं ते बघायचं ठरलं. मी लिहिलं: रेक्टिफायर बसवल्यावर वीस सेकंदांत बल्ब चढत जाईल, कंडेन्सर वीज खातोय. तिने लिहिलं: नाही चढणार, कंडेन्सर आतून सुकलाय, तो काही खाण्याच्या अवस्थेत नाही, बल्ब नेहमीसारखा राहील आणि स्पीकरमधून गुणगुण येईल. दोन्ही शक्य आहे. येत्या रविवारी बटण तीच दाबणार आहे. तिचं खरं निघालं तर मी फुगवट्यावरून घाईने निष्कर्ष का काढला, हे ती मला विचारणार, आणि वयाचा मान वगैरे बाजूला ठेवून मला तिला नीट उत्तर द्यावं लागणार.